नियम ५८ मधलं आठवं पोटकलम

विकास नियंत्रण नियमावली हे काही उशाशी ठेवून वाचायचं पुस्तक नव्हे. तरीही मुंबईच्या १९९१च्या नियमावलीतल्या ५८व्या नियमाचा मला लागलेला नाद अजून सुटलेला नाही. गिरणगावातल्या सुमारे सहाशे एकरांचं काय होणार, हे या एका नियमाने ठरवलं. १९८२चा गिरणी कामगारांचा संप, त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत, चाळींतली उपासमार यांवर मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. ते इथे उगाळत नाही.

मूळ नियमाचा हिशेब साधा होता. जमीन विकसित करायची असेल, तर पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीने ३३ टक्के पालिकेला मोकळ्या जागेसाठी द्यायची, २७ टक्के म्हाडाला घरांसाठी, उरलेली ४० टक्के स्वतःला. गिरणी मोठी असली, तर मालकाचा वाटा आणखी कमी. मालकांनी या नियमाकडे पाठ फिरवली. जुन्या बांधकामाच्या आत फेरबदल करायला परवानगी होतीच. मग जमीन सोडायची कशाला? १९९६मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा आराखडा केला. तुकड्यातुकड्याने वाटण्यापेक्षा जमिनी एकत्र धरून नियोजन करा, असं सांगणारा तो शहाणा कागद सरकारने बाजूला ठेवला.

मार्च २००१मध्ये नियम बदलला. आता वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबाबाहेर. दहा एकरांची गिरणी घ्या, त्यातले आठ एकर शेडखाली. जुन्या नियमाने पालिका आणि म्हाडा मिळून सहा एकर आले असते, नव्याने जेमतेम सव्वा. साचेखातं, रिंगखातं, गोदामं यांनी गिरण्यांच्या आवाराचा मोठा भाग व्यापलेला असतो, हे बदल करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं मानायला मी तयार नाही. या बदलाविरुद्धच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५मध्ये याचिकाकर्त्यांच्या बाजूने कौल दिला, मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

जमिनीच्या या भांडणात आठव्या पोटकलमाकडे फारसं कुणी पाहिलं नाही. अख्ख्या नियमात रोजगाराबद्दल जे होतं, ते तिथे. गिरणी दुसरीकडे हलवली किंवा मालकाने वेगळा उद्योग काढला, तर कामगाराला किंवा त्याच्या घरातल्या एकाला प्राधान्याने नोकरी द्यायची. त्याआधी मालकाने त्यांना प्रशिक्षणही द्यायचं. वाचताना ऊर भरून येतो. मग अटी दिसतात. कामगार १ जानेवारी २००० रोजी गिरणीच्या नोकरीत असला पाहिजे. संपानंतर ज्यांना परत घेतलंच नाही, ते तिथेच गळाले. उमेदवाराकडे कामाला लागणारी पात्रता हवी. शिवाय बंधन येतं ते हललेल्या गिरणीवर किंवा मालकाच्या नव्या उद्योगावर. मालकाने जमीन विकली आणि घेणाऱ्याने टॉवर बांधला, तर कुणाच्या दारात उभं राहायचं?

पुढच्या पोटकलमांत आजारी गिरण्यांच्या जमिनीतून येणाऱ्या पैशांवर देखरेखीसाठी निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालची समिती होती. तीत कामगारांचा प्रतिनिधी एक, तोही मान्यताप्राप्त युनियनचा. १९४६च्या औद्योगिक संबंध कायद्याने ते स्थान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, म्हणजे १९८२मध्ये कामगार ज्या युनियनवर चिडून डॉ. सामंतांकडे गेले तिच्याकडेच. बंद गिरण्यांच्या कामगारांना उभं करणारे दत्ता इस्वलकर या चौकटीत कुठेच बसत नव्हते.

गिरणगावातल्या लोअर परळला नोकऱ्या आल्या नाहीत असं नाही. बँका, जाहिरात कंपन्या, वाहिन्या आल्या. रोज सकाळी स्टेशनच्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते. पण साचा चालवणाऱ्याच्या मुलाला त्यांतलं कोणतं काम मिळेल, हा प्रश्न नियोजनाच्या तक्त्यात कधी रकाना होऊन आला नाही. चटईक्षेत्र मोजलं, माणसं मोजली नाहीत. २००५मध्ये मुंबई टेक्सटाइल मिलची जमीन डीएलएफने सुमारे ७०२ कोटींना घेतली आणि २०१२मध्ये लोढा समूहाला सुमारे २,७०० कोटींना विकली. त्याच वर्षी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत निघाली. नोकरीची लढाई तोवर घराची झाली होती.

वाचकांना एक विनंती. आठव्या पोटकलमाखाली नोकरी मिळाल्याचं नेमणूकपत्र कुणाच्या घरी असेल, तर ते जपून ठेवा आणि मला संपादकांमार्फत जरूर कळवा. ते पाहायला मी कुठेही यायला तयार आहे.