‘ऐकू आले’ म्हणजे ‘समजले’ नव्हे

वर्गात एखादे उदाहरण सोडवून झाले की आपण विचारतो, “समजले का?” सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, “हो!” आपण फळा पुसतो. पुढे चाचणीचे पेपर तपासताना कळते, की त्या ‘हो’पैकी काहींना खरेच समजले होते, काहींना नुसते ऐकू आले होते आणि काही जण शेजारचा म्हणाला म्हणून म्हणाले होते.

वर्गात ही चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्या संभाषणात तो दुसरा दिवस नसतो. म्हणून शिकाऊ वैमानिकाला विमान चालवण्याबरोबरच बोलण्याची आणि ऐकण्याची एक काटेकोर शिस्त शिकवली जाते. आपल्याकडे बारामती, गोंदिया येथील प्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्यांनाही रेडिओवर बोलण्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. बोलायला परीक्षा कशाला, असे वाटेल. तिच्यामागचे विज्ञान पाहू.

एका वेळी एकानेच बोलायचे

दूरध्वनीवर दोघे एकाच वेळी बोलू शकतात. विमानाच्या रेडिओवर तसे होत नाही. हे संभाषण साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालते. एका नियंत्रकाशी बोलणारी सर्व विमाने आणि तो नियंत्रक एकच वारंवारता वापरतात. बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. बटण दाबलेले असताना आपल्याला काहीच ऐकू येत नाही.

समजा, दोघांनी एकदम बटण दाबले. दोन नादकाट्यांच्या वारंवारतेत थोडा फरक असला तर विस्पंद ऐकू येतात, हे आपण प्रयोगशाळेत दाखवतो. इथेही तसेच घडते. एक प्रक्षेपक १२,००,००,००० हर्ट्झवर आणि दुसरा १२,००,०१,००० हर्ट्झवर असेल, तर ऐकणाऱ्याला १,००० हर्ट्झची कर्कश शीळ ऐकू येते आणि दोघांचेही शब्द तिच्यात बुडतात.

विमानांसाठी आजही जुनी ए.एम. पद्धत वापरली जाते, तिचा इथे एक फायदा आहे. एफ.एम. पद्धतीत जोरदार संदेश दुबळ्या संदेशाला जवळजवळ पुसून टाकतो. दुसरे कोणी बोलत होते हेही कळत नाही. ए.एम.मधील शीळ निदान सांगते, की काहीतरी ऐकायचे राहून गेले.

टेनेरिफची शीळ

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावरील लॉस रोडिओस विमानतळावर हीच शीळ ऐकू आली होती. शेजारच्या बेटावरील विमानतळावर बॉम्बस्फोट झाल्याने अनेक विमाने इकडे वळवली होती. दाट धुक्यात के.एल.एम. कंपनीचे बोइंग ७४७ धावपट्टीच्या टोकाशी उभे होते आणि पॅन अ‍ॅमचे बोइंग ७४७ त्याच धावपट्टीवरून त्याच्या दिशेने येत होते.

नियंत्रकाने के.एल.एम.ला उड्डाणानंतर कोणत्या मार्गाने जायचे ते सांगितले. उड्डाणाची परवानगी अजून दिली नव्हती. सहवैमानिकाने मार्गाची सूचना परत म्हणून दाखवली आणि शेवटी ‘आम्ही आता टेक-ऑफला आहोत’ अशा अर्थाचे मोघम वाक्य जोडले. विमान धावू लागले होते. नियंत्रकाला वाटले, ते टोकाशी तयार उभे आहे. तो म्हणाला, “ओके”, आणि पुढे ‘थांबा, मी कळवतो’ असे सांगितले. नेमके त्याच क्षणी पॅन अ‍ॅमने ‘आम्ही अजून धावपट्टीवर आहोत’ असे कळवले. के.एल.एम.च्या कक्षात ‘ओके’ स्पष्ट ऐकू गेले. पुढचे दोन्ही संदेश शिळेत अडकले. दोन्ही विमानांतील मिळून ५८३ माणसे मरण पावली.

के.एल.एम.चे कप्तान अननुभवी नव्हते. ते कंपनीच्या वैमानिकांना शिकवणारे प्रमुख प्रशिक्षक होते. त्यांचा बराच काळ सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमानाच्या नकली कक्षात, शिकवण्यात गेला होता. तिथे नियंत्रकाची भूमिकाही प्रशिक्षकच करतो. परवानगीसाठी थांबण्याचा प्रश्न फारसा येत नाही. तपासात या मुद्द्याकडेही लक्ष वेधले गेले. सरावात जी पायरी गाळली जाते, ती घाईच्या वेळी प्रत्यक्षातही गळू शकते.

या अपघातानंतर नियम कडक झाले. ‘टेक-ऑफ’ हा शब्द आता फक्त उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा ती रद्द करताना वापरतात. एरवी ‘डिपार्चर’ म्हणतात. मोघम ‘ओके’लाही या भाषेत जागा नाही.

आकड्यांचा घोटाळा

विमानाच्या रेडिओतून मानवी आवाजाचा साधारण ३०० ते ३,००० हर्ट्झ एवढाच भाग नीट जातो. ‘स’, ‘फ’ अशा घर्षणाने उमटणाऱ्या व्यंजनांची बरीचशी ऊर्जा याच्या वर असते. ती वाटेतच गळते. ‘फाइव्ह’ आणि ‘नाइन’ यांतला स्वर एकच आहे. कडेची व्यंजने खरखरीत गेली की दोन्ही सारखेच. म्हणून वैमानिक ‘नायनर’ आणि ‘फाइफ’ म्हणतात. ‘थ्री’चा उच्चार ‘ट्री’ करतात. अक्षरांसाठी अल्फा, ब्राव्हो, चार्ली असे पूर्ण शब्द आहेत. होकारासाठी ‘अफर्मेटिव्ह’ न म्हणता ‘अफर्म’ म्हणतात, कारण सुरुवात ऐकू आली नाही तर उरलेला शब्द ‘निगेटिव्ह’सारखा वाटतो.

तरीही चुका होतात. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगर कंपनीच्या मालवाहू विमानाला २,४०० फुटांपर्यंत उतरण्याची सूचना मिळाली. नियंत्रकाने आकडे सुटे उच्चारले: ‘टू फोर झीरो झीरो’. वैमानिकांनी ‘टू’ म्हणजे इंग्रजीतले ‘पर्यंत’ असे धरले आणि उत्तर दिले, “ओके, फोर झीरो झीरो.” म्हणजे ४०० फूट! नियंत्रकाच्या ते लक्षात आले नाही. विमान टेकडीवर आदळले आणि चौघेही दगावले.

असा घोटाळा आपल्या संख्यानामांतही आहे. ‘एकोणसाठ’ आणि ‘एकोणसत्तर’ गोंगाटात वेगळे ऐकू येत नाहीत. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना पाच आधी. दुसरीच्या पुस्तकातील ‘वीस तीन’ अशा वाचनावरून २०१९ साली बराच वाद झाला, तोही याच अडचणीतून. फोन नंबर सांगताना मात्र आपण सगळेच एकेक अंक सुटा म्हणतो.

शिकाऊ वैमानिकाची अडचण

पहिल्यांदा एकट्याने विमान नेणारा विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. त्याचे हात नियंत्रकांवर, नजर वेगदर्शकावर आणि धावपट्टीवर आहे. तेवढ्यात कानात पडते: अमुक दिशेला वळा, अमुक उंचीवर जा, अमुक वारंवारतेवर बोला. माणसाची तात्पुरती स्मृती फार थोड्या गोष्टी एका वेळी धरून ठेवते. चौथी सूचना आत येताना पहिली बाहेर पडते. मग तीन गोष्टी घडू शकतात. तो अपेक्षित तेच ऐकतो. किंवा मिळत्याजुळत्या नावाच्या दुसऱ्या विमानाची सूचना आपली समजतो. किंवा लाजेखातर ‘रॉजर’ म्हणून मोकळा होतो.

‘रॉजर’चा अर्थ फक्त ‘तुमचा संदेश पूर्ण मिळाला’ इतकाच आहे. तो होकार नाही आणि समजल्याची खूणही नाही. वर्गातल्या ‘हो!’चाच तो भाऊ.

यावरचा उपाय म्हणजे परतवाचन. धावपट्टी, उंची, दिशा, वेग यांसंबंधीची प्रत्येक सूचना वैमानिकाने तशीच परत म्हणायची, शेवटी आपल्या विमानाचे नाव सांगायचे. याचा दुसरा अर्धा भाग नियंत्रकाचा: ते परतवाचन त्याने कान देऊन ऐकायचे आणि चुकले तर तिथेच सुधारायचे. क्वालालंपूरला पहिला भाग पार पडला होता, दुसरा राहिला.

शिकणाऱ्यासाठी आणखी एक सोय आहे. ब्रिटनमध्ये एकट्याने उडणारा विद्यार्थी आपल्या विमानाच्या नावाआधी ‘स्टुडंट’ हा शब्द लावतो. मग नियंत्रक सावकाश आणि थोडे थोडे बोलतो. आणि ‘से अगेन’, म्हणजे ‘पुन्हा सांगा’, ही या भाषेतली मान्य आज्ञावली आहे. ती वापरण्यात कमीपणा नाही, हे प्रशिक्षकाने पहिल्याच दिवशी सांगायचे असते.

वर्गात करून पाहा

दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवा. एकाच्या हातात पाच-सहा रेषा, वर्तुळे आणि आकडे असलेली आकृती द्या. दुसऱ्याला कोरा कागद द्या. पहिल्याने वर्णन करायचे, दुसऱ्याने काढायचे. पहिल्या फेरीत दुसऱ्याने फक्त ‘हो’ म्हणायचे. दुसऱ्या फेरीत नवी आकृती घ्या आणि प्रत्येक सूचना परत म्हणून मगच रेघ ओढू द्या. तिसऱ्या फेरीत बाकीच्या वर्गाला पाढे म्हणायला लावा. प्रत्येक फेरीतील चुका आणि लागलेला वेळ फळ्यावर लिहा. परतवाचनाने वेळ वाढतो. चुका किती कमी होतात, ते मुलांनाच मोजू द्या.

मग एक बदल आपल्यासाठी. ‘समजले का?’ या प्रश्नाऐवजी एखाद्या मुलीला म्हणा, “मी आत्ता काय सांगितले, ते तुझ्या शब्दांत सांग.” आणि ती सांगत असताना फळा पुसू नका. ऐका.