गुरुजींचा वर्ग जंगलात
महाराष्ट्रात 6 राष्ट्रीय उद्यानं आहेत, पण मराठवाड्यात एकही नाही. मुंबईत गोरेगावला, त्यातल्याच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून, 1883 साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्ग शिक्षण केंद्र आहे. तिथं शिक्षकांसाठीही कार्यशाळा होतात. पुस्तकातली अन्नसाखळी जंगलात पायाशीच दिसते: पालापाचोळा, वाळवी, कोळी, पक्षी. हे डोळ्यांनी पाहिलेला शिक्षक फळ्यासमोर वेगळाच रंगतो, असं मला मनापासून वाटतं.

त्यासाठी केजहून मुंबईच गाठायला हवी असं नाही. आपल्या बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यात नायगावचं मयूर अभयारण्य आहे. धनेगावचं मांजरा धरण तर आपल्याच तालुक्यातलं. पाणपक्षी बघायला हिवाळा उत्तम. गुरुजी, मॅडम, केंद्राची एखादी शिक्षण परिषद तिथं घ्या. पुढच्या बैठकीत विषय मांडाच!