तीन अक्षरांची जोडी आणि सिकलसेल

पेशीत प्रथिने कशी घडतात, हा विषय शालेय पुस्तकातील एका आकृतीपुरता येतो आणि परीक्षेनंतर विस्मृतीत जातो. परंतु विदर्भातील आदिवासी व अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांना ग्रासणाऱ्या सिकलसेल आजाराचे मूळ त्याच आकृतीत आहे. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही तो वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिचा क्रम डीएनएमध्ये नोंदलेला असतो आणि त्याची प्रत एम-आरएनएच्या रूपाने रायबोसोमकडे येते. ही प्रत ए, यू, जी, सी या चार अक्षरांत असते. सलग तीन अक्षरांचा गट म्हणजे कोडॉन. असे ६४ कोडॉन आहेत. त्यांपैकी ६१ अमिनो आम्ले दर्शवितात, तर ३ साखळी संपल्याची खूण करतात. हे संकेत उलगडणाऱ्यांत अग्रणी असलेले हरगोविंद खुराना यांना १९६८ मध्ये रॉबर्ट हॉली व मार्शल निरेनबर्ग यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

अमिनो आम्ल रायबोसोमपर्यंत आणण्याचे काम टी-आरएनए करतो. त्याच्या एका टोकाला आम्ल जोडलेले असते आणि दुसऱ्या बाजूस तीन अक्षरांचा अँटिकोडॉन असतो. ए समोर यू आणि जी समोर सी, अशी जोडी जमते. म्हणजे कोडॉन जी-ए-जी असल्यास त्याच्या अक्षरांसमोर अनुक्रमे सी-यू-सी येतात आणि साखळीत ग्लुटामिक आम्ल गुंफले जाते. पहिल्या दोन अक्षरांची जोडी काटेकोर असते; तिसऱ्यात काहीशी सवलत असते. जी-ए-ए हा कोडॉनही ग्लुटामिक आम्लाचाच आहे.

हिमोग्लोबिनच्या १४६ आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी हाच जी-ए-जी कोडॉन असतो. सिकलसेलमध्ये त्याचे मधले अक्षर बदलून जी-यू-जी होते. त्याच्याशी जुळणारा टी-आरएनए व्हॅलीन आणतो. जोडी येथेही अचूकच जमते. चूक मूळ मजकुरात असते. एवढ्या बदलाने प्राणवायू कमी असताना हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटतात, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णास असह्य वेदना होतात.

हा बदल आईवडील दोघांकडूनही आला, तरच हा आजार होतो. एकाकडूनच आल्यास व्यक्ती वाहक ठरते आणि सहसा निरोगी असते. दोन्ही जोडीदार वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजाराची शक्यता २५ टक्के असते. सोल्युबिलिटी चाचणी आणि त्यानंतर इलेक्ट्रोफोरेसिस केल्यास हे कळू शकते.

वाहक असणे हा कलंक नव्हे, त्यात कोणाचा दोषही नाही. तेव्हा विवाह ठरविण्यापूर्वी वधू आणि वर, दोघांचीही रक्ततपासणी व्हावी, केवळ मुलीची नव्हे, अशी आमची माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आग्रहाची विनंती आहे.