सेकंडहँड फोनचा योग्य भाव कसा काढायचा?

ओएलएक्स किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर एखादं मॉडेल शोधलं की एकाच फोनला कुणी १४ हजार सांगतो, कुणी १९ हजार, तर कुणी ‘२२ हजार फायनल’. मग यातला खरा भाव कोणता? बहुतेक वेळा एकही नाही. हे सगळे मागितलेले आकडे आहेत, फोन त्या किमतीला विकला गेलाय असं नाही. उलट महाग जाहिराती न विकल्यामुळे जास्त दिवस दिसत राहतात. म्हणून त्यांची सरासरी काढून उपयोग नाही.

त्याऐवजी दोन आकडे काढा. कॅशिफायसारख्या साइटवर जाऊन तोच फोन आपणच विकतोय असं समजून माहिती भरा. ते जो भाव देतील तो तळाचा आकडा, कारण विक्रेत्याला तेवढे पैसे घरबसल्या मिळू शकतात. मग तोच फोन वॉरंटीसह रिफर्बिश्ड केवढ्याला मिळतोय ते बघा. हा वरचा आकडा. अनोळखी माणूस वॉरंटी देत नाही, मग त्याला तेवढे पैसे का द्यायचे? समजा खालचा आकडा ९ हजार आणि वरचा १४ हजार आला, तर तुमची बोली ११ हजारांच्या आसपास सुरू होते. आणि हो, ‘भाऊ, मी ३० हजारांना घेतला होता’ याला काही अर्थ नाही. आज नवीन केवढ्याला मिळतो तेवढंच विचारा.

आता घासाघीस कशाच्या जोरावर करायची? सगळ्यात आधी बॅटरी. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसते. ती ८० टक्क्यांच्या खाली असेल तर नवीन बॅटरीचा खर्च किमतीतून सरळ वजा करायला सांगा. आयफोन ११ आणि त्यानंतरच्या मॉडेल्समध्ये ‘जनरल’मधल्या ‘अबाउट’मध्ये गेलात तर डिस्प्ले बदललाय का तेही कळतं. अँड्रॉइडमध्ये अपडेट किती वर्षं उरलेत ते बघा. सॅमसंगच्या एस २४ ला ७ वर्षांचे अपडेट आहेत, पण ते २०२४ च्या लाँचपासून मोजायचे, तुम्ही घेतल्यापासून नाही. बिल आणि बॉक्स असेल तर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. कव्हर, टेम्पर्ड ग्लास वगैरेचे पैसे मात्र देऊ नका.

भाव जुळला तरी लगेच पैसे काढू नका. फोनवर *#०६# डायल करा, १५ अंकी आयएमईआय नंबर दिसेल. मग इंग्रजीत केवायएम, स्पेस आणि तो नंबर टाइप करून १४४२२ वर एसएमएस करा. संचार साथी पोर्टलवरही हे तपासता येतं. उत्तरात ब्लॅकलिस्टेड, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असल्याचं आलं तर फोन कितीही स्वस्त असो, सोडून द्या. चोरीचा म्हणून ब्लॉक झालेल्या फोनवर नेटवर्क चालत नाही. मग ५ हजारांचा ‘सौदा’ म्हणजे ५ हजारांचा पेपरवेट.

विक्रेत्याला त्याचं गुगल किंवा अ‍ॅपल अकाउंट तुमच्यासमोर काढायला लावा आणि फोन रीसेट करून घ्या. नाहीतर घरी गेल्यावर फोन जुना पासवर्ड मागत बसेल. ‘आर्मीत आहे, बदली झाली, आधी टोकन पाठवा’ म्हणणाऱ्याशी भावाबद्दल बोलूच नका. आणि स्वतःचा फोन विकत असाल तर एवढं बघा, पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही.