सही कोणाची, तारीख कोणती? : मुंबई लष्करातील हुद्द्यांचे तंटे

पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी मला एक बिनपुठ्ठ्याचे पुस्तक मिळाले. सुरुवातीची पाने गेलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. विकणाऱ्याने ते पितळी नळांच्या ढिगाखाली टेकण म्हणून घातले होते. चाळून पाहिले तर मुंबई इलाख्याच्या लष्करातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची यादी निघाली, १८५० नंतरच्या काही वर्षांतली. पलटणीमागून पलटण, नावामागून नाव. प्रत्येक नावापुढे दोन तारखा: अधिकारी म्हणून सनद मिळाल्याची आणि सध्याच्या हुद्द्यावर चढल्याची. एका पलटणीच्या पानावर कोणीतरी पेन्सिलीने बारीक फुल्या मारल्या होत्या. वरून खाली, ओळीने, पाच. सहाव्या नावापुढे फुली नव्हती.

या फुल्या कशाच्या, हे मला लगेच कळले. इतिहासाचा मी पदवीधर नाही, पण अशा फुल्या मी स्वतः मारलेल्या आहेत. एका निमसरकारी कार्यालयात सव्वीस वर्षे नोकरी केली. मध्येच ते दुसऱ्या कार्यालयात विलीन झाले आणि नव्या यादीत आमची सेवाज्येष्ठता विलीनीकरणाच्या तारखेपासून धरली गेली. माझी आधीची अकरा वर्षे कागदावरून पुसली गेली. पगार तोच राहिला, टेबलही तेच. फक्त ज्या मुलाला मी टिपणी लिहायला शिकवले होते, त्याच्यापुढे माझ्या फाइली सहीला जाऊ लागल्या. तेव्हापासून जुन्या याद्या मी नुसत्या नावांसाठी वाचत नाही, त्यातल्या तारखा पाहतो.

लष्करात ही गोष्ट नोकरीहूनही कडक. एकाच हुद्द्याचे दोन अधिकारी रणांगणावर एकत्र आले तर हुकूम कोणी द्यायचा, हे सनदेच्या तारखेवरून ठरते. ज्याची तारीख जुनी तो वरिष्ठ. दोघांच्या सनदांवर सही एकाच धन्याची असेल तोवर हे सोपे. हिंदुस्थानात मात्र दोन धनी होते: इंग्लंडचा राजा आणि ईस्ट इंडिया कंपनी. एकाच्या चाकरीतून माणूस दुसऱ्याच्या चाकरीत गेला, की त्याच्या जुन्या तारखेचे काय करायचे हा प्रश्न उभा राहायचा. आणि त्याची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली.

पोर्तुगिजांनी मुंबई आंदण दिली ती राजाला. १६६२ साली अब्राहम शिपमन राजाचे सैन्य घेऊन आला, पण पोर्तुगिजांनी बेट ताब्यात देईना म्हटल्यावर त्याला कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तळ द्यावा लागला. तिथे शिपमन आणि त्याचे बहुतेक लोक रोगराईने मेले. १६६५ मध्ये उरलेले मूठभर लोक हम्फ्री कुकबरोबर मुंबईत उतरले. तीनच वर्षांनी, १६६८ मध्ये, राजाने वर्षाला दहा पौंड भाड्याने बेट कंपनीला देऊन टाकले. बेटावर राजाची शिबंदी होती, तिला कंपनीच्या चाकरीत येण्याची मुभा मिळाली. बरेच जण आले. पुढे ‘बॉम्बे युरोपियन’ म्हणून नावाजलेल्या गोऱ्या पलटणीचा उगम तो. कालपर्यंत राजाचे असलेले लोक आज व्यापाऱ्यांचे झाले.

हे त्यांना किती बोचत असेल, ते १६८३ च्या डिसेंबरात दिसले. कंपनीने खर्चात कपात केली, शिपायांचे पगार आणि अधिकाऱ्यांचा मान दोन्ही उतरवले. मुंबईच्या सैन्याचा प्रमुख रिचर्ड केग्विन पूर्वी राजाच्या आरमारात होता. त्याने कंपनीच्या उपगव्हर्नराला कैद केले आणि बेट राजाच्या नावाने आपल्या ताब्यात घेतले. जवळजवळ वर्षभर कारभार केला, संभाजी महाराजांशी तहही केला. १६८४ च्या नोव्हेंबरात माफीचे वचन घेऊन त्याने बेट सोडले. इंग्रजी पुस्तके याला केग्विनचे बंड म्हणतात. केग्विन स्वतः मात्र बंड कंपनीचे आहे असेच म्हणत असणार, असे मला वाटते. त्याच्या लेखी धनी एकच होता.

पुढची गोष्ट विजयदुर्गाची. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचा हा किल्ला घेतला, हे मराठी वाचकाला ठाऊक असते. आपलेच आरमार आपण बुडवले, ही हळहळही ठाऊक असते. पण इंग्रजी गलबते मुंबईहून निघण्यापूर्वीच इंग्रजांमध्ये लुटीवरून कशी जुंपली होती, ते फारसे सांगितले जात नाही. लूट हुद्द्याप्रमाणे वाटायची असते. आरमाराचा मुख्य राजाचा अ‍ॅडमिरल वॉटसन, त्याच्या खालोखाल रिअर अ‍ॅडमिरल पोकॉक. जमिनीवरच्या फौजेचा मुख्य रॉबर्ट क्लाइव्ह. क्लाइव्हची जातकुळी मुळातच सरमिसळीची. तो कंपनीचा कारकून म्हणून आला, कंपनीच्या फौजेत शिरला, आणि १७५५ मध्ये इंग्लंडहून परतताना राजाची लेफ्टनंट कर्नलची सनद घेऊन आला. ती सनद फक्त पूर्वेकडच्या मुलखापुरती होती. तर अशा माणसाला आरमारातल्या कोणाच्या बरोबरीला बसवायचे?

आरमाराच्या अधिकाऱ्यांनी ठरवले, जहाजांच्या कॅप्टनांइतका वाटा द्यायचा. फौजेचे अधिकारी म्हणाले, आमचा सेनापती पोकॉकच्या बरोबरीचा आहे. आरमार हटेना. शेवटी वॉटसनने मधला मार्ग काढला: फरक पडेल तो मी माझ्या वाट्यातून भरून देतो. किल्ला पडल्यावर, सुमारे दहा लाखांची लूट हाती आल्यावर, त्याने खरोखरच रक्कम पुढे केली. क्लाइव्हने ती घेतली नाही. यावरून क्लाइव्ह निर्लोभी ठरत नाही, त्याचे पुढचे चरित्र जगजाहीर आहे. मला एवढेच दिसते की त्या दिवशी भांडण पैशाच्या नावाने चालले होते आणि हवा होता तो दर्जा. दर्जा वॉटसनच्या खिशातून मिळण्यासारखा नव्हता. ज्या मराठ्यांच्या मोहिमेत हे सगळे चालले होते, त्यांना त्या लुटीतला छदामही मिळाला नाही.

त्याच वर्षी कलकत्ता सिराजउद्दौल्याने घेतला आणि तो सोडवायला मद्रासहून फौज निघायची होती. मद्रासेत तेव्हा राजाची ३९ वी पलटण होती, हिंदुस्थानात आलेली राजाची पहिली पलटण. तिचा कर्नल अ‍ॅडलरक्रॉन हुद्द्याने सर्वांत वरचा. तो १७५४ मध्ये आला तेव्हाच कंपनीचा जुना, जाणता सेनापती स्ट्रिंगर लॉरेन्स एका पायरीने खाली ढकलला गेला होता. याच लॉरेन्सला कंपनीने ७५० पौंडांची तलवार भेट दिली होती. तलवारीने ज्येष्ठता थोडीच मिळते! कलकत्त्याची मोहीम मद्रास कौन्सिलने क्लाइव्हकडे दिली, तेव्हा अ‍ॅडलरक्रॉनने जहाजांवर चढवलेल्या राजाच्या तोफा आणि दारूगोळा परत उतरवून घेतला. आपल्या पलटणीच्या तीन कंपन्या दिल्या, पण त्या क्लाइव्हच्या हाताखाली नव्हे, वॉटसनच्या जहाजांवरचे शिपाई म्हणून.

या शब्दांच्या कसरतीचा हिशेब २ जानेवारी १७५७ रोजी फोर्ट विल्यमच्या दारात चुकता झाला. किल्ला पडला. ३९ व्या पलटणीचा कॅप्टन आयर कूट आधी आत शिरला आणि कंपनीच्या लोकांना आत घेऊ नये म्हणून त्याने पहारे बसवले. क्लाइव्ह घुसलाच. कूटने वॉटसनच्या सहीचा कागद दाखवला, त्यात किल्ल्याचा गव्हर्नर म्हणून कूटचे नाव. क्लाइव्ह म्हणाला, मी लेफ्टनंट कर्नल, हा कॅप्टन. हुकूम मोडला तर कैद करीन. वॉटसनने निरोप धाडला, बाहेर निघा नाहीतर तोफा डागीन. शत्रू पळून गेला होता आणि विजेते एकमेकांवर तोफा रोखून बसले होते. अखेर तोड निघाली ती अशी: वॉटसन स्वतः आला तर क्लाइव्ह ताबा देईल, मात्र वॉटसनच्या हाताखालच्या कोणाला देणार नाही. दुसऱ्या दिवशी वॉटसन आला, त्याने किल्ल्या घेतल्या आणि कंपनीच्या कारभाऱ्यांच्या हाती ठेवल्या. प्लासीच्या सहा महिने आधीची ही गोष्ट.

त्यानंतर कित्येक वर्षे नियम असा होता, की हुद्दा सारखा असेल तर राजाचा अधिकारी वरचा, तारीख काहीही असो. वीस वर्षे उन्हात रापलेल्या कंपनीच्या कॅप्टनाने काल बोटीतून उतरलेल्या राजाच्या कॅप्टनाचे हुकूम झेलायचे. कॉर्नवॉलिसच्या काळात, १७८८ मध्ये, कंपनीच्या अधिकाऱ्यांना पूर्वेपुरत्या राजाच्या सनदा मिळाल्या आणि तारखेला थोडी किंमत आली.

खरी अडचण मात्र तारखेच्या आणखी खाली होती. राजाच्या लष्करात हुद्दा विकत मिळे. पायदळातल्या कॅप्टनाच्या जागेचा सरकारी भाव १,८०० पौंड, लेफ्टनंट कर्नलच्या जागेचा ४,५००. ही पद्धत १८७१ पर्यंत चालली. कंपनीत अशी विक्री नव्हती, तिथे वाट पाहायची. पलटणीत वरचा मेला, निवृत्त झाला किंवा वर गेला तरच खालचा सरके. पंधरा वर्षे उलटली तरी कॅप्टन न झालेल्यांना नुसता मानाचा कॅप्टन करण्याचा नियम कंपनीला करावा लागला, यावरून ही वाट किती लांब होती ते समजावे. मग खालच्यांनी तोडगा काढला. वर्गणी काढून वरच्याच्या हाती रक्कम ठेवायची आणि त्याला घरी जायला राजी करायचे. कंपनीने याकडे डोळेझाक केली. म्हणजे कंपनीतही हुद्दा विकत मिळत होताच, फक्त भाव पलटणीत ठरे आणि प्रत्येक जण आज दिलेली वर्गणी उद्या आपण निवृत्त होताना वसूल होईल या भरवशावर देई. माझ्या पुस्तकातल्या पाच फुल्या या हिशेबातल्या असाव्यात. वरचे पाच गेले, आता सहावा.

आणि नेमका तो भरवसा १८५८ नंतर कोसळला. कंपनी गेली, राज्य राणीचे झाले. कंपनीच्या गोऱ्या शिपायांना न विचारता राणीकडे वर्ग केले गेले. त्यांनी दंगा केला आणि दहा हजारांच्या आसपास शिपाई नोकरी सोडून मायदेशी गेले. अधिकाऱ्यांना कायद्याने वचन दिले होते, की पगार, पेन्शन आणि बढती कंपनीत असते तर मिळाली असती तशीच मिळेल. १८६० च्या कायद्यात ती हमी पुन्हा घातली गेली. मग १८६१ मध्ये तिन्ही इलाख्यांत ‘स्टाफ कोअर’ निघाली. तिथे बढती रिकाम्या जागेवर नव्हे, वर्षांवर: बारा वर्षांना कॅप्टन, वीस वर्षांना मेजर, सव्वीस वर्षांना लेफ्टनंट कर्नल.

ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण समजा, एका पलटणीत दोन लेफ्टनंट आहेत. एकाची चौदा वर्षे झाली, दुसऱ्याची बारा. धाकटा स्टाफ कोअरमध्ये गेला आणि कॅप्टन झाला. थोरला जुन्या यादीवर विसंबून राहिला, कारण कायद्याने त्याची जागा राखली होती; तो लेफ्टनंटच राहिला. आता दोघे एका छावणीत भेटले तर सलाम थोरल्याने ठोकायचा. शिवाय स्टाफ कोअरमध्ये गेलेल्यांची नावे जुन्या यादीवर तशीच ठेवली गेली, म्हणजे गेलेल्याची जागाही रिकामी होईना. वरच्यांना घरी धाडण्यासाठी भरलेल्या वर्गण्या कोण परत करणार, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. अर्जांचा पाऊस पडला. १८६३ मध्ये लॉर्ड क्रॅनवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमावा लागला आणि काही बाबतींत हमी पाळली गेली नाही, हे त्याला मान्य करावे लागले. त्याच १८६३ मध्ये मुंबईतले कंपनीच्या परंपरेतले ‘इंडियन नेव्ही’ हे आरमारही मोडले. त्याच्या अधिकाऱ्यांना बदलून जायला जागाच ठेवली नाही. पेन्शनी देऊन त्यांना घरी बसवले.

या सगळ्या अर्जफाट्यात एक वर्ग कुठेच नाही. आमच्या कोकणातला, साताऱ्यातला सुभेदार. तोही सेवाज्येष्ठतेनेच चढे, आणि सुभेदारीला पोचेपर्यंत त्याचे केस पांढरे होत. पण त्याची सनद कितीही जुनी असो, कालच आलेला एन्साइन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांतला सर्वांत खालचा पोरगा, त्याच्या वरचाच. त्याची तारीख गोऱ्याच्या तारखेशेजारी मांडून पाहण्याचा प्रश्न कोणाच्या मनातच आला नाही. क्रॅनवर्थ आयोगाविषयी वाचताना मला सारखे हेच जाणवत राहिले आणि त्या गोऱ्या लेफ्टनंटांबद्दलची माझी कणव जरा कमी झाली. पुरती गेली नाही.

मुंबईच्या त्या पहिल्या गोऱ्या पलटणीचे काय झाले, ते सांगायचे राहिले. १८६२ मध्ये ती राणीच्या लष्करात दाखल झाली. राजाची म्हणून आलेली शिबंदी १९४ वर्षांनी राजघराण्याकडे परत गेली. उगमाने पाहिले तर राणीच्या बहुतेक पलटणींहून ती जुनी. पण लष्करात पलटणींनाही ज्येष्ठता असते आणि ती क्रमांकाने ठरते. तिची तारीख दाखल झाल्यापासून धरली. क्रमांक मिळाला १०३.

पुस्तक आता माझ्या कपाटात आहे, वाळवीचे औषध लावून. सहावे नाव कोणाचे ते मी नंतरच्या याद्यांत शोधत असतो.