पांडुरोगातील केशपतन : तेलाआधी रक्त पाहावे

'केस फार गळतात' ही एकच तक्रार घेऊन चिकित्सालयाची पायरी चढणाऱ्या स्त्रियांची संख्या आता इतकी झाली आहे की, सर्दी-खोकल्यानंतर हिचाच क्रमांक लागावा. यांपैकी बहुतेक रुग्णा वैद्याकडे येण्यापूर्वी औषधी दुकानातून दोन-तीन तेले नेऊन वापरून झालेल्या असतात. शांपू बदललेला असतो, बोअरचे पाणी बंद करून नळाचे पाणी सुरू केलेले असते, तरीही कंगव्यात केसांचा पुंजका येतच असतो. अशा रुग्णेच्या डोळ्याची खालची पापणी ओढून आतील वर्ण पाहण्यास अर्धे मिनिट पुरते. पुष्कळदा हे अर्धे मिनिटच चिकित्सेची दिशा ठरविते, आणि नेमके तेच गर्दीच्या वेळी राहून जाते. त्याकडे वैद्यवर्गाचे व औषधविक्रेत्या बंधूंचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील १६ वा अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी घोकलेला आहे. पांडुरोगाची सामान्य लक्षणे सांगताना आचार्यांनी हतानल, दुर्बल, शूनाक्षिकूट, हतप्रभ या शब्दांच्या ओळीतच 'शीर्णलोमा' हा शब्द घातला आहे. लोम म्हणजे अंगावरील केस, मस्तकावरील नव्हेत, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु केश व लोम हे दोन्ही अस्थिधातूचे मल म्हणून संहितेत जोडीनेच येतात, तेव्हा एकाचे शीर्णत्व सांगितले असता दुसऱ्याचे वेगळे सांगण्याचे प्रयोजन राहत नाही. पांडुरोगी अल्परक्त व निःसार असतो, असेही तेथेच म्हटले आहे. रक्तधातूच दरिद्री झाला, तर मांस, मेद व अस्थी या पुढील धातूंचे पोषण उणे पडणार आणि अस्थीचा मल असलेला केश सर्वांत शेवटी उपाशी राहणार. यातून व्यवहारास उपयोगी असा एक अर्थ निघतो : केशपतन हे पांडुरोगाचे उशिरा दिसणारे लक्षण आहे आणि रक्त सुधारल्यावर केस सुधारण्यासही उशीरच लागणार.

केसाचे कालगणित

अर्वाचीन शारीरविज्ञान हाच उशीर दिवसांत मोजून देते. मस्तकावरील केसांपैकी साधारण ८५ ते ९० टक्के केस वाढीच्या अवस्थेत असतात व ही अवस्था २ ते ६ वर्षे चालते. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांचे संक्रमण आणि मग सुमारे ३ महिन्यांची विश्रांती. विश्रांती संपली की केस गळतो. दिवसाला ५० ते १०० केस जाणे हे प्राकृत होय. केशमुळातील पेशी शरीरातील अत्यंत वेगाने विभागणाऱ्या पेशींत मोडतात. विभागणीसाठी लागणारे जनुकद्रव्य तयार करणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराला लोहावाचून काम करता येत नाही. लोहाचा तुटवडा पडला की पुष्कळसे केस मुदतीआधीच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. सर्व मस्तकभर पसरलेल्या अशा केशपतनाचे वर्णन अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ क्लिग्मन यांनी १९६१ मध्ये केले.

या कालांतरामुळेच रुग्णा नेहमी चुकीच्या कारणाकडे बोट दाखविते. गळती आज दिसते म्हणून ती आजच्या तेलाला वा पाण्याला दोष देते. आपण मात्र तीन महिन्यांमागे काय घडले, हे विचारले पाहिजे. प्रसूती, डेंगी अथवा विषमज्वर, शस्त्रकर्म, वजन उतरविण्यासाठी केलेले कडक लंघन, की महिनोन्‌महिने चाललेला अत्यार्तव?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत रक्ताल्पतेचे प्रमाण भारतात ५७ टक्के व महाराष्ट्रात ५४.२ टक्के आढळले. बोटाला सुई टोचून घेतलेल्या रक्तावरील ही मोजणी असल्याने आकड्यात थोडे इकडेतिकडे धरले, तरी आपल्या प्रतीक्षाकक्षात बसलेल्या दर दोन स्त्रियांपैकी एक, हा अंदाज फारसा चुकत नाही.

अहवाल कसा वाचावा

केवळ हिमोग्लोबिनवर थांबू नये. गर्भिणी नसलेल्या प्रौढ स्त्रीत ते १२ ग्रॅमच्या खाली गेले की रक्ताल्पता म्हणतात. पण शरीराची कोठारे त्याच्या कितीतरी आधी रिकामी झालेली असतात. कोठाराची कल्पना सीरम फेरिटिनवरून येते. निरोगी प्रौढात ते १५ नॅनोग्रॅमहून कमी असल्यास लोहक्षय निश्चित मानावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. ज्वर वा शोथ असताना मात्र फेरिटिन खोटे वाढते. अशा रुग्णात ७० च्या आतील आकडाही संशयास्पद धरावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हिमोग्लोबिन प्राकृत आणि फेरिटिन तेवढे कमी, अशा स्त्रीचे केस लोहामुळेच गळतात काय, याविषयी संशोधकांत एकमत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या तज्ज्ञांनी २००६ मधील आढाव्यात फेरिटिन ७० पर्यंत न्यावे, असे सुचविले. त्याआधी २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिंक्लेअर यांना असा स्पष्ट संबंध आढळला नव्हता आणि २०१० मधील ओल्सन यांच्या अभ्यासातही केशपतनाच्या रुग्णांत लोहक्षय इतर स्त्रियांहून अधिक दिसला नाही. तेव्हा प्रत्येक गळत्या केसामागे लोह आहे असे मानून सरसकट लोहकल्प देणे, हे सरसकट तेल देण्याइतकेच उथळ आहे. अवटु ग्रंथीचे विकार, बी-१२ ची उणीव आणि भांग रुंदावत जाणारे आनुवंशिक खालित्य यांचा विचार झालाच पाहिजे. शेवटच्या प्रकारात गळती पुंजक्याने होत नाही, माथ्यावरचा केस क्रमाक्रमाने बारीक होत जातो.

दुसरी सावधगिरी थॅलसेमियाच्या वाहकांविषयी. त्यांचे हिमोग्लोबिन थोडे कमी व रक्तकण लहान असतात. अहवाल लोहक्षयासारखा दिसतो, पण कोठारे भरलेली असतात. अशांना वर्षानुवर्षे लोह दिले जाते. रक्तकणांचे सरासरी आकारमान भागिले रक्तकणांची दशलक्षातील संख्या, हा साधा भागाकार करावा. उत्तर १३ हून कमी आल्यास वाहक असण्याची शंका घ्यावी व हिमोग्लोबिन ए-टू तपासावे. विदर्भ व नंदुरबारकडील वैद्यांना सिकलसेलची आठवण मी करून देण्याची गरज नाही.

रक्त जाते कोठे?

पांडूचे निदान झाले म्हणजे काम संपले, असे नव्हे. एक मिलिलीटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जाते, आणि आहारातून दिवसाकाठी जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषले जाते. हा जमाखर्च मांडला की गळतीची जागा शोधल्याशिवाय भरणा निष्फळ का, हे कळते.

काही वर्षांपूर्वी ३६ वर्षांच्या एक शिक्षिका केसांसाठी तेल लिहून मागण्यास आल्या होत्या. वर्ण फिका, जिभेचे काठ गुळगुळीत, नखे चपटी. आर्तव सात-आठ दिवस, गाठींसह. खोदून विचारल्यावर हळूच म्हणाल्या, "पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते." मृद्भक्षणजन्य पांडूचा पाठ आठवावा, तो असा. अर्थात तेथे माती हे कारण सांगितले आहे, तर येथे मातीची ओढ हे लोहक्षयाचे लक्षणही असते. दोन्ही बाजूंनी चक्र फिरते. हिमोग्लोबिन ८.४, फेरिटिन ५. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठविल्यावर गर्भाशयात ग्रंथी निघाली. लोहाच्या गोळ्या त्यांनी पूर्वी दोनदा मलावष्टंभामुळे सोडल्या होत्या. त्याच गोळ्या एक दिवसाआड ठेवून त्यांना साथ म्हणून दीपन-पाचन, रात्री काळ्या मनुका आणि अत्यार्तवासाठी स्तंभक चिकित्सा, अशी योजना केली. गोळ्या चालू असेतो लोहकल्प दिला नाही. पाच आठवड्यांनी हिमोग्लोबिन १० च्या वर गेले, केस मात्र पूर्वीसारखेच गळत होते आणि बाई औषध सोडण्याच्या बेतात होत्या. केसाचे कालगणित कागदावर काढून दाखविल्यावर त्या थांबल्या. पाचव्या महिन्यात कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे नवे केस दिसू लागले.

पुरुषांत व आर्तवनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत तर रक्त जाण्याचा मार्ग शोधल्यावाचून लोहकल्प सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे. ५८ वर्षांचे एक गृहस्थ दम लागणे व केस विरळ होणे यासाठी लोहासव घेत होते. बरेही वाटू लागले होते. मलपरीक्षणात अदृश्य रक्त सापडले आणि दुर्बिणीतून मोठ्या आतड्यात अर्बुद दिसले. लोहाने हिमोग्लोबिन सावरते, आणि रुग्णास बरे वाटू लागल्याने मूळ रोग झाकला जातो. अर्शाचा इतिहास आहे म्हणून रक्त अर्शाचेच, हे गृहीतही धरू नये.

लोहकल्प व पथ्य

अग्नी मंद असता लोह पचत नाही, हा आपला जुना सिद्धांत. शोथावस्थेत यकृतातून स्रवणारे हेप्सिडिन आतड्यातील लोहाचे शोषण रोखते, ही अलीकडील माहिती. दोन्ही एकच, असे म्हणण्याचा मोह आवरावा. व्यवहार मात्र एकच निघतो : ज्वर व साम अवस्थेत लोहाची घाई नको. एका मात्रेनंतर हेप्सिडिन दिवसभर वाढलेले राहते, म्हणून एक दिवसाआड दिलेल्या मात्रेतील लोहाचा अधिक अंश शोषला जातो, असे २०१७ मधील स्विस अभ्यासात दिसले. मलावष्टंभाची तक्रार करणाऱ्या रुग्णांत ही युक्ती फार उपयोगी पडते.

नवायस चूर्णात त्रिकटू, त्रिफळा, मुस्ता, विडंग व चित्रक यांचे नऊ भाग आणि लोहाचे नऊ भाग असतात. दीपन व लोह एकाच पुडीत येत असल्याने मंदाग्नीच्या पांडूत मी ते प्रथम निवडतो. शोथ असेल तर पुनर्नवामंडूर. अम्लपित्ताची प्रवृत्ती असेल तर आमलकी व यष्टिमधुयुक्त धात्रीलोह, तेही भोजनाच्या आदी, मध्ये व अंती. सप्तामृत लोहाची केसांसाठी ख्याती असली, तरी मूळ योग नेत्ररोगातील आहे, हे ध्यानी असावे. कोणताही कल्प दिला तरी चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन मोजावे. एक ग्रॅमही वाढ नसेल तर सेवन, रक्तस्राव, शोषण व निदान हे चारही पुन्हा तपासावेत. अम्लपित्तासाठी आम्ल दाबणाऱ्या कॅप्सूल रोज घेणाऱ्यांत शोषण अडखळते, तेही विचारावे. हिमोग्लोबिन प्राकृत झाल्यावरही कोठारे भरण्यासाठी लोह सुमारे तीन महिने चालू ठेवावे लागते. हिमोग्लोबिन ८ च्या खाली असलेली रुग्णा एकट्याने सांभाळू नये. गर्भिणीस तर शासकीय योजनेतील ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक आम्लाची गोळी बंद करण्यास कोणीही सांगू नये.

लोहसेवनकाळी कोहळा, तिळतेल, उडीद, मोहरी, मद्य व अम्लरस वर्ज्य सांगितला आहे. मग लिंबू व आवळा लोहाचे शोषण वाढवितात त्याचे काय, असे विद्यार्थी विचारतात. धात्रीलोहात आवळा ग्रंथकारांनीच घातला आहे, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते. आपल्याकडचे खरे अपथ्य ग्रंथात नाहीच. ते म्हणजे जेवणावरचा चहा. तो एक-दोन तास पुढे ढकलला तरी मोठे काम होते. लोखंडी कढईतील भाजी, मोड आलेली कडधान्ये, हळीव, खजूर हे सहायक होत. साबुदाण्यावर काढलेला उपवास पोट भरतो, रक्त भरत नाही.

भृंगराज तेलाचा शिरोभ्यंग बंद करावा, असे यात कोठेही सुचवावयाचे नाही. केशभूमी स्निग्ध राहते, निद्रा सुधारते, रुग्णेचा धीर टिकतो. चिकित्सेच्या पाच महिन्यांत हा धीर मोलाचा असतो.

औषधी दुकानदार बंधूंना एवढीच विनंती : तेलाची दुसरी बाटली देताना पाळी किती दिवस जाते, जिना चढताना धाप लागते काय, आणि गेल्या वर्षात हिमोग्लोबिन तपासले काय, असे तीन प्रश्न विचारावेत. बाटलीबरोबर बायोटिनच्या गोळ्याही आता सर्रास खपतात. बायोटिनमुळे रक्तपरीक्षणाचे निकाल चुकू शकतात, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. काही यंत्रांवर टीएसएच व फेरिटिन दोन्ही प्रत्यक्षाहून कमी दिसतात. म्हणून रक्त देण्यापूर्वी दोन-तीन दिवस त्या गोळ्या थांबविण्यास सांगावे आणि प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर तशी नोंद करावी.