ठासणीच्या बंदुकीची जुळणी

मुंबई-गोवा महामार्गावर कसालचा तिठा लागतो आणि तेथून एक रस्ता मालवणकडे वळतो. या टापूंतल्या खेड्यांत शेतसंरक्षणाच्या परवान्यावर बंदूक बाळगणारीं घरें आहेत, व त्यांपैकीं कांहींच्या आढ्याला अजून ठासणीची बंदूक टांगलेली दिसते. भात पोटरींतून बाहेर पडलें, रताळीं पोसलीं कीं रानडुकरांचे कळप रात्रीं खालीं उतरतात. मांगरांत जागणारा शेतकरी पुष्कळदां नुसता बार काढून त्यांना पिटाळतो. डुकराचा जीव घ्यावयाचा तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें परवानगी हवी, हेंहि येथेंच सांगून ठेवतों. आजचें भाषण मात्र डुकरांविषयीं नसून त्या बंदुकीच्या आट्यांविषयीं आहे.

काडतुसांत दारू, छर्रे आणि ठिणगी देणारी टोपी हीं सर्व कारखान्यांत मोजून बसविलेलीं असतात. आपल्या खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना 1869 सालचा. अशा ठिकाणीं काडतुसाचें प्रत्येक अंग ठराविक मापाशीं ताडून पाहतात. ठासणीच्या बंदुकीचा धनी प्रत्येक बाराला स्वतःच कारखानदार होतो, आणि तपासनीसहि तोच! अमेरिकेंत हौशी नेमबाज वापरलेलीं पितळी काडतुसें हातयंत्रावर पुन्हां भरतात. तेथेंहि साच्याची चाकी ढिली झाली कीं एक काडतूस खोल तर दुसरें उथळ भरलें जातें, आणि तें डोळ्यांना कळत नाहीं. साधन निराळें, पण दोष तोच.

प्रथम दारूचें माप घ्या. पुष्कळ मापांत सरकता दट्ट्या असून तो एका मळसूत्रानें आवळलेला असतो. तें मळसूत्र सैल पडलें तर दट्ट्या केंसभर खालीं सरकतो. दहा बारांनंतर माप तेंच दिसतें, दारू मात्र वाढलेली असते. दट्ट्यावर बारीक रेघ कोरून ठेवावी आणि भरण्यापूर्वीं ती पाहावी. त्याहून बरें म्हणजे एकाच आकाराचें, न सरकणारें माप. शिंगांतून किंवा डब्यांतून थेट नळींत दारू कधींहि ओतूं नये. आधींच्या बाराचा एखादा निखारा नळींत धुमसत राहिला असेल, तर मापांतली चिमूटभर दारू भडकेल. पण डबा हातांत असतां काय होईल हें सांगावयास नको.

दुसरी वस्तु गज. रिकाम्या नळींत तो तळापर्यंत घालून तोंडाशीं एक खूण करावी, आणि नेहमींचा बार ठासल्यावर दुसरी. पहिल्या खुणेवरून बंदूक भरलेली कीं रिकामी तें कळतें. दुसरीवरून छर्रे दारूवर घट्ट बसले कीं नाहीं तें कळतें. मध्यें पोकळी राहिली तर नळी फाटण्याचा संभव असतो.

टोपी ज्या पोकळ बोंडीवर बसते तिचे आटे हें या बंदुकीचें मर्मस्थान होय. स्कॉटलंडचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फॉरसाइथ यांनीं 1807 सालीं आघातानें पेटणाऱ्या मिश्रणाचें पेटंट घेतलें. त्याच वाटेनें पुढें तांब्याची टोपी आली. बोंडीचे आटे झिजले तर जळता वायु मागें, म्हणजे बार काढणाऱ्याच्या डोळ्याकडे, येतो. ती हातानें हलत असेल तर त्या बंदुकीनें बार काढूं नये. दोरा गुंडाळून ती आवळण्याची युक्ति कांहीं जण करतात. ती युक्ति नव्हे, निव्वळ धाडस आहे.

घोडा अर्ध्यावर चढवून, बोंडीवर टोपी नसतां व नळी रिकामी असतां, चाप ओढून पाहावा. घोडा पडला तर आंतली खांच झिजली आहे असें समजावें.

आतां गंज. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन क्षारांच्या रूपानें उरतो. त्यांतला पुष्कळसा नळींतच चिकटतो आणि कोंकणच्या हवेंतलें पाणी ओढून घेतो. तेलानें हे क्षार विरघळत नाहींत. वरून तेल चोपडलें तर गंज तेलाखालीं सुखानें वाढतो. त्याच दिवशीं नळी गरम पाण्यानें धुवावी, कोरडी करावी आणि मगच तेल लावावें. पावसाळ्यांत दस्त्याचें लांकूड फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें, म्हणून दोन्ही वेळां मळसूत्रें तपासावीं. पेंचकस खांचेंत नेमका बसणारा घ्यावा. नाहीं तर मळसूत्राचें डोकेंच नासतें.

निवडणुकीच्या काळांत बंदुका पुष्कळदां पोलीस ठाण्यांत जमा कराव्या लागतात. परत आलेली बंदूक थेट मांगरांत नेण्याऐवजीं, वर सांगितलेली तपासणी करूनच भरावी. बोंडी किंवा खांच बदलणें हें घरचें काम नाहीं. 1959 च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें दुरुस्तीचा धंदा करणाऱ्यालाहि परवाना लागतो. अशाच कारागिराकडे ती न्यावी, आणि जातांना आपला परवाना बरोबर ठेवावा.